चांदीची जीभ आणि घाटातलं पाणी

मला अजूनही झोप लागता लागता एक आवाज येतो. सतत पडणारा, न थांबणारा, अंगाखालच्या जमिनीतून वर येणारा. तो कापडाचे माग चालल्याचा आहे की पाणी पडल्याचा, हे मला कधीच ठरवता आलेलं नाही. अर्धवट झोपेत मी आधी सुरतेतल्या आमच्या खोलीत असते, आणि डोळे पुरते मिटतात तोवर डांगच्या घाटात जाऊन पोचलेली असते. मधला रस्ता कधी संपला ते कळत नाही. खरं तर तेव्हाही कळलं नव्हतं.

आमची खोली गोडादऱ्याच्या अलीकडे, एका मागांच्या कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून होती. पलीकडे माग, अलीकडे आम्ही. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला तोंड होतं आणि ते कधी मिटत नसे. फळीवरची भांडी आपोआप सरकत पुढे यायची आणि आई जाता येता ती हाताने मागे ढकलायची. वडील मागावर होते, आई त्याच कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची. खानदेशातून आलेली आमच्यासारखीच बिऱ्हाडं त्या ओळीत होती. एवढ्या आवाजात ओरडून बोलणारा माणूस आठ दिवसांत घसा बसून गप्प होतो, म्हणून मागावरची माणसं ओरडत नाहीत. ओठ मोठे हलवतात, आवाज काढतच नाहीत, आणि हातांनी उरलेलं सांगतात. पाणी हवं, तार तुटली, शेठ आला, भूक लागली, सगळ्याला खुणा होत्या. दूरवरच्या मागावरचा माणूस काय म्हणतोय हे आम्हा पोरांनाही त्याच्या ओठांवरून कळायचं. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. सगळं जग असंच बोलतं अशी माझी समजूत होती, आणि शाळेत बाई तोंड उघडून एवढ्या जोरात का बोलतात, याचा मला रागच यायचा.

माझी धाकटी बहीण तेव्हा चार वर्षांची असेल. ती बोलत नव्हती.

म्हणजे हातांनी अखंड बोलायची. तिच्या हातांना विसावा म्हणून नव्हता. पण तोंडातून शब्द नाही. वडील म्हणायचे, "बोली ती, आज ना उद्या. लहान शे अजून." आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, शेजारच्याच खोलीत राहायची आणि तिला कुठलीही गोष्ट पोटात ठेवता येत नसे. ती म्हणायची, "मनी आंडेर एवढी व्हती तवय गाना म्हने. मुकी आंडेर उद्या कोन करी?" माझी मुलगी एवढी होती तेव्हा गाणी म्हणायची, असं सांगून मुकी मुलगी उद्या कोण करून घेईल, हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला आणि आईच्या घशाखाली त्यानंतर घास नीट उतरला नाही. आत्या वाईट नव्हती. पण जिथे हात लावू नये तिथेच तिचा हात बरोबर जायचा.

धाकटीला ऐकू येत नसेल असं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही. येणार कसं? रात्रपाळीत वीज जाऊन माग थांबले की आम्ही सगळे दचकून जागे व्हायचो. शांतता झाली की झोप मोडायची, अशी आमची उफराटी तऱ्हा. आणि सगळ्यांत आधी धाकटी उठून बसायची. आई म्हणायची, "दख, कान केवढा तिखट शे पोरीना!" हाक मारली तर कधी यायची, कधी नाही यायची. आमची चूल भिंतीला लागून होती, आई भाकरी थापता थापता पाठमोरीच हाका मारायची, आणि धाकटी जागची हलायची नाही. ती हट्टी आहे असं ठरून गेलं होतं. आत्याचं म्हणणं, "तिले सांगनं म्हंजे पालथा घडावर पानी."

मग आईने सप्तशृंगीला नवस बोलला. पोरीची जीभ मोकळी होऊ दे, मी तुला चांदीची जीभ वाहीन. सुरतेच्या सोनाराने असली वस्तू आधी केली नसावी. त्याने केलेली ती जीभ नखाएवढी होती आणि पिंपळाच्या कोवळ्या पानासारखी दिसत होती. आईने ती पदराच्या गाठीत बांधली. दिवसातून कितीदा तरी तिची बोटं त्या गाठीकडे जायची, आहे ना म्हणून बघायला.

नवरात्रात कारखान्याला सुट्टी मिळाली आणि आमच्या ओळीतल्या बिऱ्हाडांनी मिळून गडावर जायला एक ट्रक ठरवला. पहाटे निघालो. खाली ताडपत्री, तिच्यावर गोधड्या, गोधड्यांवर आम्ही, आणि वर नुसतं आभाळ. मी उताणी पडले होते. चलथाण आलं तेव्हा कुणीतरी साखर कारखान्याचं धुराडं दाखवलं, हंगाम अजून लागायचा होता म्हणून ते गप्प उभं होतं. पुढे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. ट्रकच्या घरघरीने मला झोप येत होती आणि वाऱ्याने जाग येत होती. दर वेळी डोळे उघडले की वरचं आभाळ वेगळं असायचं. आधी मोकळं, मग तारांनी रेघा मारलेलं, मग बांबूंच्या शेंड्यांचं, आणि एकदा डोळे उघडले तर आभाळच नव्हतं, सागाची परातीएवढी पानं एकमेकांवर पडलेली होती आणि त्यांच्यातून हिरवा उजेड गळत होता. ट्रक थांबला होता. जंगलखात्याचा नाका होता. खाकीतला माणूस फळीवर चढून आत डोकावला आणि म्हणाला की हे राखीव जंगल आहे, फांदी तोडायची नाही, चूल पेटवायची नाही. आत्याने त्याला तिथल्या तिथे सांगितलं की आम्ही भाकरी करून आणल्यात, तुमच्या जंगलाची आम्हाला गरज नाही. तो हसला आणि त्याने बांबूचा आडणा वर केला.

घाट लागला. ट्रक रडत रडत चढू लागला. एका वळणावर मला वाटलं, आपण परत सुरतेला आलो. अगदी तसंच वाटलं. अंगाखालच्या फळ्या ओळखीच्या थरथरीने थरथरत होत्या आणि पुढून कारखान्याचा आवाज येत होता. मी उठून बसले. धाकटी माझ्या आधी उठून बसली होती.

ट्रकवाला बारडोलीकडचा होता. इंजिनातून वाफ निघत होती. तो खाली उतरला आणि म्हणाला, "एन्जिन तपी गयुं छे. धोध जोवो होय ते जोई आवो." इंजिन तापलंय, ज्याला धबधबा बघायचा असेल त्याने बघून या. आणि स्वतः डबा घेऊन पाणी आणायला पुढे गेला.

धबधबा मी पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. चित्रात तो गप्प असतो. इथे रस्त्याला खेटून काळा कडा उभा होता आणि त्याच्या माथ्यावरून पाणी खाली येत होतं, पांढरं, सैल, घाई नसल्यासारखं. वरून सुटताना ते सावकाश येतंय असं वाटायचं आणि खाली पोचल्यावर त्याचा तेवढा मोठा आवाज व्हायचा. पायथ्याशी डोह होता, डोहातून वाहून पाणी रस्त्याखालच्या मोरीत शिरत होतं. बारीक तुषार सगळीकडे तरंगत होते. बायकांच्या केसांवर, गड्यांच्या टोप्यांवर, रस्त्याकडेच्या गुलाबी तेरड्यावर. सगळी माणसं एकदम धुक्यातली झाली. माझे वडील दोन हात अंतरावर होते आणि तरी स्वप्नात दिसतात तेवढेच दिसत होते.

आणि मग एक मजा झाली. त्या आवाजात कुणाचं काही ऐकू येईना, तर सगळी माणसं न सांगता कारखान्यातलं बोलू लागली. ओठ मोठे, आवाज नाही, हात चाललेले. पाणी गार आहे. सांभाळून. लुगडं भिजेल. पलीकडे चल. अख्खा ट्रक त्या पाण्यासमोर उभा राहून मुक्याने गप्पा मारत होता. ट्रकवाला डबा हातात घेऊन आमच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल, या माणसांना झालं तरी काय.

धाकटीला तर पंख फुटले. ती याच्याकडून त्याच्याकडे पळत होती, हातवारे करत होती, चिमट्यात हवा पकडून कुणाला तरी मासा कसा दिसला ते सांगत होती. तिच्याइतकं भराभर तिथे कुणालाच बोलता येत नव्हतं. आत्याला उत्तर सुचेपर्यंत हिचे पुढचे दोन प्रश्न विचारून व्हायचे. आई तिच्याकडे बघून हसली. त्या वर्षात आई मोकळी हसलेली मला तेवढीच आठवते.

सगळ्या बायका डोहात न्हायल्या. ओलं बदलायला आई आम्हा दोघींना घेऊन रस्त्याच्या वळणापलीकडे गेली. तिथे कड्याचा एक सुळका पुढे आला होता. तो ओलांडला आणि आवाज गेला.

शांतता ही वस्तू मी त्याआधी पाहिलीच नव्हती. कारखाना बंद असला तरी सुरतेत काही ना काही वाजत असतं. इथे काहीच नाही. सागाचं एक पान खाली येत होतं, ते जमिनीला टेकल्याचं मला ऐकू आलं. माझे कान दुखल्यासारखे झाले. मी पुटपुटले तर माझाच आवाज मला परका वाटला. आईही क्षणभर तशीच उभी राहिली, हातात पितळेचा तांब्या, खांद्यावर कोरडी लुगडी.

धाकटी तेरड्याची फुलं खुडत पायवाटेने पुढे निघाली होती. पुढे उतार होता. आई म्हणाली, "कथा चालनी व? पडशी ना! आठे ये." कुठे चाललीस, इकडे ये, एवढंच साधं, घरात बोलावं तसं. तिथे ओरडायची गरजच नव्हती. धाकटी पुढेच. आईने परत हाक मारली, या वेळी मोठ्याने, आणि ती हाक समोरच्या डोंगरावर आपटून आमच्याकडे परत आली. धाकटीने एक फूल खुडून कानामागे खोचलं.

आई पुढे धावली तेव्हा तिच्या हातातून तांब्या सुटला. तो खडकावर पडला, उडाला, परत पडला, आणि साऱ्या जंगलात घण्णकन आवाज भरून राहिला. झाडांतून पाखरं उडाली. वरच्या फांद्यांवर वानरं होती, ती कचाकच उड्या टाकत पळाली. मी दोन्ही कान धरले. धाकटी तेवढी पाठमोरी, वाकून, आपल्या फुलांत. मग वानरांनी हलवलेली पानं तिच्यापुढे पडली तेव्हा तिने मान वर केली आणि वानरं बघून ती हसली.

आई थांबली. आई उतारावर तिच्यापासून हाताच्या अंतरावर होती आणि तरी तिने तिला धरलं नाही. तिने तांब्या उचलला. धाकटीच्या मागे उभी राहिली आणि तो खडकावर आपटला. एकदा. परत एकदा, आणखी जोरात. तांब्याला पोचा पडला. आईचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

मग ती फिरून धाकटीच्या समोर गेली, ओणवी झाली, आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी विचारलं, "भूक लागनी का?" धाकटीने लगेच पोटावर हात फिरवून हो म्हटलं. आईने पदराचा शेव तोंडावर धरला आणि त्यामागून तेच मोठ्याने विचारलं. धाकटी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वाटलं, आई लपाछपी खेळतेय. तिने पुढे होऊन आईच्या तोंडावरचा पदर हळूच ओढला.

आई तिथेच खाली बसली. "तिले आयकू येस नही," ती म्हणाली. मला म्हणाली की जंगलाला, ते मला माहीत नाही. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. मी म्हणाले, अगं पण माग थांबले की ती उठते ना. आईने जमिनीवर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. मग मलाही कळलं. आमचं घर थरथरायचं, आणि थरथर थांबली की ती उठायची. एवढी साधी गोष्ट. मागांच्या शेजारी न राहणाऱ्या कुठल्याही बाईला ती सहा महिन्यांत कळली असती. आम्ही चार वर्षं तिच्याशी बोलत होतो, ती चार वर्षं उत्तरं देत होती, आणि आम्हाला वाटत होतं तिची फक्त जीभ जड आहे. मला त्या वेळी कुणाचा राग आला होता ते अजून सांगता येत नाही, पण राग खूप आला होता.

आम्ही वळण ओलांडून परत आलो आणि आवाजाने आम्हाला पुन्हा पोटात घेतलं. वडील डोहाच्या पलीकडच्या काठावर बसले होते. आईने धाकटीला कडेवर घेतलं आणि अलीकडूनच, पाण्यावरून, ओठांनी त्यांना सांगितलं. तिला ऐकू येत नाही. कधीच येत नव्हतं.

वडिलांनी हात आडवा करून खाली दाबला. ती माग थांबल्याची खूण. म्हणजे, मग माग थांबले की कशी उठते? आईने पाय उचलून खडकावर आपटला आणि पायाकडे बोट दाखवलं. वडिलांचे हात गुडघ्यांवर पडले ते तिथेच राहिले.

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की कुणाचेच हात हलत नाहीयेत. आई आवाज न काढता बोलली होती खरी, पण ती मागावरच्या माणसांत बोलली होती. सगळ्यांनी वाचलं होतं. काठावरच्या, पाण्यात उभ्या असलेल्या, तोंड धुणाऱ्या, सगळ्यांनी. आत्या केस पिळत होती ती तशीच राहिली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. आत्या ओल्या पायांनी आली, धाकटीची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं, आणि आपले ओठ अगदी सावकाश, मोठे करून विचारलं, मासा केवढा होता? धाकटीने दोन्ही हात लांबवून दाखवला. आत्याने मान हलवली आणि एवढा मोठा मासा नसतोच म्हणून तिच्याशी भांडायला लागली.

आई धबधब्याकडे तोंड करून उभी राहिली. गड अजून लांब होता, पण तिने तिथेच हात जोडले. पदराची गाठ तिच्या मुठीत होती. तुषारांनी तिचं तोंड भिजलं होतं आणि त्यात रडणं कुठलं, पाणी कुठलं, ते सांगता येत नव्हतं. मी बाजूने बघत होते. तिचे ओठ हलले. देवीशी बोललेलं दुसऱ्याने वाचू नये, पण मला वाचता येत होतं, त्याला मी काय करू? ती म्हणाली, "माय, जीभ नको. मनं तोंड तिले दिसत ऱ्हाऊ दे."

ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. तो कुणाला ऐकू गेला नाही, त्यालाच खाली येऊन हातवारे करावे लागले.

गडावर आईने ती चांदीची जीभ वाहिली. बोललेला नवस परत नेत नाहीत. देवीपुढे तिचे ओठ हलताना मात्र मला दिसले नाहीत. मागायचं ते घाटात मागून झालं होतं. परतीच्या प्रवासाचं मला फारसं काही आठवत नाही. धाकटी माझ्या मांडीवर झोपली होती, आणि ट्रक कुठेही थांबला की डोळे उघडायची. दर वेळी मी तिच्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन नुसत्या ओठांनी सांगत होते, झोप, अजून सुरत आलेली नाही.

घरी आल्यावर आईने पहिलं काम केलं ते चूल फोडायचं. दुसऱ्या दिवशी तिने नवी चूल घातली, ती भिंतीपासून पुढे, मागे बसलं की आपलं तोंड खोलीकडे राहील अशी. धूर सगळ्या खोलीत व्हायला लागला, वडिलांचे डोळे चुरचुरायचे, पण ते एका शब्दाने बोलले नाहीत. आई भाकरी थापायची आणि समोर बसलेल्या आम्हा दोघींशी मान वर करून बोलायची. पहिले काही दिवस भाकरी करपल्या.

धाकटी पुढे मोठी झाली. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याच ओळीतून आलं. एका मागवाल्याने तिला मागणी घातली. त्याला तिच्याशी बोलणं शिकवावं लागलं नाही, आणि लग्नात अक्षता टाकताना आत्याच सगळ्यांत जास्त रडली. त्यांचं भांडण झालं की दोघांचे हात बघण्यासारखे असतात. आम्ही ती खोली सोडली. कारखाना गेला, तिथे आता घरंच घरं झाली आहेत. त्या घाटात मी पुन्हा गेले नाही. त्या वळणावर पाणी अजून पडत असेल, असं मी धरून चालते.

आई मात्र त्या दिवसानंतर कुणाशीच पाठमोरी बोलली नाही. धाकटी सासरी गेली तरी नाही, माझ्याशी नाही, भाजीवाल्याशीही नाही. शेवटच्या दुखण्यात ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि तिला काही सांगायचं असलं की आधी कूस बदलायची धडपड सुरू व्हायची. मी म्हणायचे, "आई, पडल्या पडल्या बोल. मी आहे. मला ऐकू येतं." ती ऐकायची नाही. दम खात, कण्हत, हाताच्या आधाराने ती पुरी वळायची, तोंड खिडकीच्या उजेडात आणायची, माझे डोळे तिच्या ओठांवर आहेत ना ते बघायची, आणि मग पाणी मागायची.